झेंडूच्या पाकळ्या आणि डावीकडची सीट

अप्पा,

“पूजा झाली, आता हार उतरीव. हार घालून गाडी हालवायची न्हाई,” असं तुम्ही मला पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मी चौथीत असेन. दसऱ्याची सकाळ होती. माधवनगरच्या आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये आदल्या दिवशी पुजलेले पाने आणि जॅक अजून हळदीकुंकवातच होते आणि जीपच्या पुढच्या जाळीवर मी स्वतः ओवलेला झेंडूचा हार होता. सगळ्या सांगलीत रिक्षा, टेम्पो, एसटी हार मिरवत फिरतायत आणि आपली जीप तेवढी बोडक्या तोंडाने बाजारात निघालीय, म्हणून मी मागच्या बाकावर रुसून बसले. तुम्ही हार खुंटीला टांगलात, कारण सांगितलं नाही. पुढे दर दसऱ्याला तेच. तुम्हाला देवाधर्माचं फारसं नाही, असाच मी अर्थ लावला होता. खरं कारण कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली आणि कोइमतूरपर्यंत जावं लागलं.

तुमची निळी गाडी आम्ही शर्यतीत पळवतो, अप्पा. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून पुसला असता. बदली झालेल्या एका मेजरसाहेबांकडून तुम्ही ती घेतलीत, तेव्हा आई म्हणाली होती की चार दारांची गाडी आहे, घरच्यांना बरी पडेल. तुम्ही मात्र बॉनेट उघडून दोन कॅमशाफ्टच्या त्या जोरकस इंजिनाकडे असं बघत होता की घरच्यांचा काही संबंध नाही हे मला तिथेच कळलं. तुमच्यानंतर ती शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. मग एका रविवारी मी साताऱ्याहून आले, ताडपत्री ओढली, आणि भावाला म्हटलं, “चालू करून बघू.” तो म्हणाला, “ताई, तुला घरी कामं न्हाईत का?” पण बॅटरी त्यानेच आणली.

आता आमची चार माणसांची टीम आहे. इंजिन भाऊ बघतो. म्हसवडचे सुभेदार, म्हणजे फौजेत तुमच्या हाताखाली गाड्या दुरुस्त करायला शिकलेले तेच, ते चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक बघतात आणि येताजाता माझी टिंगल करतात. भावजय स्टॉपवॉच सांभाळते. गाडी मी चालवते. अंगात जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, आत चारी बाजूंनी लोखंडी पाइपांचा पिंजरा. कॉलेजात मी मुलांना मराठी शिकवते आणि रविवारी गाडीखाली आडवी होऊन गंज खरवडते. नखांतलं ग्रीस सोमवारपर्यंत जात नाही. ते मला आवडतं, हेही सांगून टाकते.

यंदाची शर्यत मात्र साधी नव्हती. मागच्या खेपेला आमचा क्लच सुरुवातीलाच गेला होता, त्याआधी पेट्रोलचा पंप. एकही फेरी नोंदली गेली नव्हती. निघायच्या आधी भावाने सगळ्यांसमोर सांगितलं, “यंदा एक जरी फेरी घड्याळावर आली न्हाई तर गाडी विकायची. हिच्यापायी शेडात जागा न्हाई, गिऱ्हाइकांच्या गाड्या मी रस्त्यावर लावतोय.” सुभेदार खाली बघत पाना पुसत राहिले. त्याचं काही चुकत नव्हतं.

गाडी उघड्या ट्रकवर चढवली. मी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तुमची आठवण म्हणून पुढच्या जाळीवर हार घातला, हातभर लांब, मनगटाएवढ्या फुलांचा. तुमचं वाक्य मला त्या वेळी आठवलंही. पण गाडी कुठे हलणार होती? हलणार होता ट्रक. ती तर वर बांधून उभी. असा विचार करून मी हार राहू दिला, आणि तीन राज्यांचा वारा त्या हारावर आदळत राहिला.

कोइमतूरच्या ट्रॅकवर पोचलो तेव्हा दोऱ्याला थोडे देठ तेवढे उरले होते. ते काढून टाकले आणि आयोजकांकडून गाडीची तपासणी करून घेतली. इथे सगळ्या गाड्या एकदम सोडत नाहीत, एकेक गाडी घड्याळाशी पळते. सकाळी एक पाळी, दुपारी दुसरी. सकाळी मी सुटले आणि अप्पा, पहिल्याच वळणाला गाडी अशी आत शिरली की मी हेल्मेटमध्ये एकटीच हसले. दुसऱ्या वळणाला तापमानाचा काटा हलला. तिसऱ्याला तो तांबड्या रेघेला टेकला, आणि गाडीत एक वास भरला, ओळखीचा आणि तिथे अजिबात न शोभणारा. मी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. फेरी गेली.

बॉनेट उघडलं. मग भावाने पुढची जाळी काढली. रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमध्ये पिवळ्या-केशरी पाकळ्या ठासून बसल्या होत्या, वाऱ्याने चेपलेल्या आणि आता उकडलेल्या. सुभेदारांनी वाकून वास घेतला.

“आवं ताई, झेंडूची भाजी टाकलीया व्हय? मीठ लावाय इसरलाय.”

“कुणी घातला हार?” भावाने विचारलं. त्याला माहीत होतं.

“मी.”

“अप्पा काय म्हणायचे?”

“हार घालून गाडी हालवायची न्हाई,” मी म्हणाले, आणि तिथे, त्या उन्हात, मला तुमचा तो खुंटीला टांगलेला हार दिसला. रेडिएटरला वारा लागायला हवा. एवढंच होतं ते. नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं असतं तर समजलं असतं, पण तुम्हाला वाटत असणार की यात सांगण्यासारखं काय आहे.

दुपारच्या पाळीला फार वेळ नव्हता. भावजयीने केसांतल्या पिना काढल्या, एक मला दिली, एक स्वतः घेतली. भावाने हवेचा पाइप रेडिएटरच्या मागच्या बाजूने लावला, सुभेदारांनी पाणी मारलं, आणि आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून एकेक पाकळी उपसत राहिलो. शेजारच्या तंबूतला एक जण कुतूहलाने येऊन बघून गेला. त्याला सुभेदार आपल्या फौजी हिंदीत म्हणाले, “पूजा चल रहा है.” भाऊसुद्धा हसला. घाईत असताना त्याला हसताना तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटची गाडी म्हणून आम्हाला सोडलं. सरळ पट्ट्यावर तिसरा, चौथा गिअर, मला सीटमध्ये मागे ढकलणारं ते इंजिन, आणि काटा मधोमध शांत. तुम्ही म्हणायचा तसं वळणाआधीच ब्रेक संपवला आणि मग गाडीला तिच्या मनासारखं जाऊ दिलं. शेवटच्या वळणाला मागची चाकं जराशी घसरली, मी स्टेअरिंगशी भांडले नाही, आणि ती सावरली. रेघ ओलांडली तेव्हा भावजय उड्या मारताना दिसली. आमच्या गटातल्या गाड्यांत आम्ही शेवटून दुसरे आलो. पण वेळांच्या पाटीवर आमची वेळ होती, दशांशासकट. भाऊ त्या पाटीकडे बघत म्हणाला, “पुढच्या खेपेला मागच्या स्प्रिंगा बदलाय पायजेत.” म्हणजे गाडी राहिली.

आता एक कबूल करायचं आहे. वजन कमी करायला आतलं सगळं काढतात. मागची बाकं, गालिचे, दारांची अस्तरं मीच काढली. डावीकडची सीट मात्र तशीच आहे. बोल्ट गंजलेत, निघत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलंय. खरं म्हणजे त्यांना मी पाना लावलाच नाही. मिरजेला दवाखान्यात दाखल व्हायला निघालात त्या दिवशीही गाडी तुम्हीच चालवलीत, धाप लागत असताना, आणि मी त्या सीटवर मांडीवर तुमची पिशवी घेऊन बसले होते. मला चालवता येत होतं. तुम्ही चावी दिली नाहीत.

तर पुढच्या शर्यतीला डावीकडे बसाल का? एकच फेरी. हार घालणार नाही, ब्रेक वळणाआधीच मारेन. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, “गाडी दुसऱ्याच्या हातात आसली की मला बसवत न्हाई.” तरी विचारते.