मेणबत्तीला न मारलेली फुंकर

उमरठ, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३, दिवेलागण

लिहिलं नाही तर डोकं फुटेल. माझ्या तीन वर्षांच्या ताराचा पाय भाजला, आणि चूक माझीच.

काल तिन्हीसांजेला घासलेट संपलं, म्हणून ह्यांनी मुंबईहून आणलेली मेणबत्ती लाकडी पेटीच्या झाकणावर लावली. तारा शेजारीच निजली होती. गोठ्यात जाताना विझवायला वाकले, तर सासूबाई ओरडल्या, "गो, दिव्याला फुंकर मारतात काय? लक्ष्मी हाय ती! सरली की आपली आपण शांत होईल."

मी मेणबत्ती तशीच ठेवून उठले. का? ह्यांनी मेणबत्त्या देतानाच बजावलं होतं, "उठताना फुंकून विझव, जवळ कापड ठेवू नको." समईखाली पितळ असतं, हिच्याखाली लाकूड आहे, हे दिसत होतं मला. तरी तशीच गेले! एका फुंकरीचं तर काम होतं.

आम्ही दोघी दूध काढून आलो तोवर झाकण पेटलं होतं, आणि त्याच्यावरून ताराची गोधडी.

चुन्याची निवळी आणि खोबरेल लावतेय, पण ताप उतरत नाही. आज डोलीला माणसं मिळाली नाहीत; उजाडताच डोलीतून महाडला डॉक्टरकडे न्यायचं. तोवर काय करू? मुंबईला ह्यांना कोणत्या तोंडाने कळवू? देवा, तिचा पाय राहू दे.

सासूबाईंनी ताराचा पाय मांडीवर घेतलाय. सकाळपासून त्यांच्या पोटात घास नाही. नुसती फुंकर घालताहेत, थांबतच नाहीत.