भाऊजींची अक्कल, माझी बोटं

बेलापूर,
रविवार दुपार

प्रिय सकीना,

हेमलताचा भरपूर मायेचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? अलीमभाईंची साखर ताब्यात आहे ना? त्यांना माझा सलाम सांग, आणि खजुराचा डबा त्यांच्यापासून लांब ठेव. (बोर्डिंगमध्ये माझ्या वाट्याचा जॅम कोण खायचं ते आठवतं, त्यामुळे डबा तुझ्यापासूनही लांब असलेला बरा.) इकडे सगळं ठीक आहे. 'ठीक' हा शब्द बऱ्याच दिवसांनी मनापासून लिहिते आहे, कारण भाऊजी पुण्याला जाणार नाहीत!

जाऊबाई गेल्यापासून भाऊजी, म्हणजे आमचे थोरले दीर आप्पासाहेब, ओट्यावर नुसते बसून असायचे. म्हणून त्यांच्या मुलाने, हर्षलने, पुण्याहून येऊन त्यांना कॉम्प्युटरवर एक लढाईचा खेळ घालून दिला. गाव वसवायचं, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, सैन्य उभारायचं आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. बुद्धिबळासारखी यात पाळी नसते. आपण हनुवटीला हात लावून विचार करत बसलो तरी समोरचा थांबत नाही. हर्षल पुण्यातून खेळतो, भाऊजी इथून. भाऊजींचा जन्म साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेला. कोणाचा ऊस कधी तुटणार, कुठली गाडी कुठे लागणार, सगळं डोक्यात. त्यामुळे बेत पक्के. पण बोटं! माऊस असा धरतात, जणू कोंबडीचं पिल्लूच. बेत अमलात येईपर्यंत गावाची राख झालेली असायची.

मग हर्षल फोनवर म्हणाला, "आप्पा, बास झालं तिथं नुसतं बसून राहणं. पुढचा डाव हरलात तर सामान बांधायचं." भाऊजी ताठ्याने "चालंल" म्हणून बसले, आणि त्यांनी दिलेला शब्द आजवर कधी मागे घेतलेला नाही. माझे मिस्टर गेल्यावर या घरात माझ्याशिवाय तेवढं एकच माणूस उरलंय गं. माझा घास घशाखाली उतरेना. शेवटी मी (दाराआडून) म्हटलं, बोटं माझी घ्या. आपल्या टायपिंगच्या वर्गात सिस्टरच्या पट्टीने घडवलेली आहेत. हर्षल हसत कबूल झाला. तो का हसला ते सरावात कळलं. एकटी खेळले की माझा वेग बघत राहावा असा, पण जायचं कुठे याचा पत्ता नाही. एकदा तर अख्खं सैन्य मी लाकूड तोडायला लावलं, कारण धडधाकट माणसं रिकामी उभी असलेली मला बघवत नाहीत.

आणि दोघं मिळून खेळलो तर त्याहून वाईट! थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर, आणि थेट बोलायचं नाही, ही इथली रीत. चाळीस वर्षांत भाऊजी माझ्याशी जे बोलले ते सगळं भिंतीमार्फत. ते कॅलेंडरकडे बघून म्हणणार, "घोडेस्वारांनी आता निघायला हरकत न्हाई, असं वाटतं." त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी हलणं मला उद्धटपणाचं वाटायचं. शिवाय ते बोलले की माझा डावा हात आपोआप पदर सावरायला जाणार. म्हणजे कीबोर्ड बेवारस, आणि घोडेस्वार स्वर्गवासी.

डावाच्या दिवशी हर्षलने सुरुवातीलाच आमच्या गावाला आग लावली. आपलं घर जळताना कुठली बाई बाहेर जाईल? सगळं सैन्य मी घरी वळवायला लागले. भाऊजी कॅलेंडरला म्हणाले, "घराकडं तूर्त दुर्लक्ष केलं तर..." आणि एकदम गरजले, "अगं ए हेमे, जळू दे की घर! त्याचं सगळं सैन्य हितं हाय, तिकडं त्याच्या किल्ल्यात कुत्रं न्हाई! घाल घोडे!"

हेमे! मला या घरात कोणी हेमे म्हटलं नव्हतं. पदर पडला तो पडलाच. दोन्ही हातांनी घोडे हाकले, इकडे वेशीत मूठभर भालेवाले नुसते नाचवत ठेवले, म्हणजे हर्षलला वाटावं आम्ही घरीच आहोत. भाऊजी लगेच पुढचा बेत समजावायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, ते मागून! आत्ता गप्प बसा!"

आणि ते गप्प बसले, सकीना! हर्षलचा किल्ला आमच्याआधी पडला. त्याने फोन केला तसं भाऊजींनी त्याला 'हेमे'पासून 'गप्प बसा'पर्यंत सगळं ऐकवलं. तेव्हा तो म्हणाला, "किल्ला गेला ते जाऊ द्या. आप्पा, तुम्ही काकूंशी बोलता?"

त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. आता मनावरचं ओझं उतरलं. बाकी सर्व क्षेम.

तुझीच,
हेमलता

ता.क. भाऊजी जे बोलायला लागलेत ते थांबतच नाहीत. आता स्वयंपाकघरातही मोहीम चालते. "कांदा पुढं धाड, मिरची मागून येऊ दे, डाळीला अजून उतरवू नगंस." काल कुकरच्या शिट्टीवरून मला हल्ल्याची वेळ समजावली.

दुसरी ता.क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. अलीमभाईंना मुकाट ऐकून घ्यायची सवय आहे (तुझ्याशी संसार केलाय). तुझ्या अझहरला गाडी घेऊन पाठव आणि भाऊजींना आठवडाभर नगरला घेऊन जा.

तिसरी ता.क. आठवडा नको. मंगळवारी नेलंस तर गुरुवारी आणून सोड. शुक्रवारी आमचा डाव आहे.