डाव्या लिव्हरची तार

सोलगोल
२४ मार्च १९९१

मुनबे भावजींना,

घरी सगळे बरे असतील. इथे आईंचा गुडघा सोडला तर तक्रार नाही. थंडी ओसरली, बार्लीने मान वर काढली. शेजारी बियाण्याचं भात भिजत घालायच्या गोष्टी करू लागलेत.

तुम्ही पाठवलेला भंगारवाला गुरुवारी येऊन गेला. टेम्पो थेट अंगणात घातला आणि माझ्याकडे न बघताच नांगरटीच्या टिलरला दोर बांधायला लागला. मी म्हटलं, "काय हो, कुणाची वस्तू नेताय?"

"मुनबेसाहेबांनी सांगितलंय. अपशकुनी यंत्र आहे, दारात ठेवू नका म्हणाले."

"अपशकुनी तर मीही आहे, नवरा गेलेली. मलाही टाका मागे, वजनात भर पडेल."

बिचाऱ्याने दोर गुंडाळला आणि गेला. त्याच्यावर माझा राग नाही.

फोनवर तुम्ही दर वेळी एकच सांगता. वहिनी, शेत खंडाने द्या, टिलर काढून टाका, आईंना घेऊन स्वस्थ बसा. शेत कुणाला द्यायचं ते मी आणि आई बघू. पण टिलरची तुम्हाला एवढी घाई का, हे मला हिवाळाभर कळत नव्हतं. ओढ्यातून काढून गोठ्यात लावला तेव्हाही तुम्ही म्हणालात, याला कुणी हात लावू नका. मला वाटलं, भावाच्या आठवणीने म्हणताय. मला बरं वाटलं होतं तेव्हा. तेच आता सगळ्यात जास्त जळतं.

या महिन्यात मी ताडपत्री काढली. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका घेऊन बसले. मी शाळेत गेले नाही, खताच्या पोत्यांवरून अक्षरं शिकले, म्हणून तुम्ही हसायचात. पण पोत्यांवरची अक्षरं आणि पुस्तिकेतली अक्षरं एकच असतात. तेल काढलं तर दुधासारखं पांढरं, ओढ्याचं पाणी शिरलेलं. टाकीच्या तळाशी वाळू. पात्यांना अजून त्या दिवशीचा चिखल होता. तो मी हाताने काढला, खरवडणी घेतली नाही. पाती घासून धार लावली, वंगण भरलं, पट्टा बदलला. सुंदोकची आई कुंपणावरून म्हणाली, "अगं, बाईने हँडल धरलं तर भात वाकडं उगवतं." मी म्हटलं, "उगवू दे. वाकडं खायची सवय आहे मला." ती हसली आणि रॉकेलचा डबा आणून दिला, भाग धुवायला.

मग हँडलवरच्या दोन्ही लिव्हरपासून क्लचला जाणाऱ्या तारा तपासल्या. उजवी नीट होती. डावीच्या आवरणावर काळी चिकटपट्टी दिसली, खाली, चिखलात लपलेली. पट्टीचं टोक दुमडून त्रिकोण केलेला, पुढच्या वेळी नखाने उचकटता यावं म्हणून. अशी पट्टी या घरात आणखी दोन ठिकाणी आहे: आईंच्या पंख्याच्या वायरीला आणि भात शिजवायच्या भांड्याच्या वायरीला. दोन्ही तुम्ही दुरुस्त केलीत.

पट्टी सोडवली. आत तार तुटलेली होती, आणि दोन्ही तुकडे तांब्याच्या बारीक तारेने पिळून जोडलेले; ते तांबंही तुटलेलं.

तरी मी म्हटलं, आपल्याला काय कळतं. ती तार घेऊन बाजारातल्या चोनमिस्त्रींकडे गेले. ते म्हणाले, "हे कुठल्या रेडिओवाल्याचं काम? वहिनी, क्लचला असली तार म्हणजे पाण्याच्या बादलीला दोरीऐवजी शेवई." हसता हसता त्यांनी तार उलटी करून पाहिली, तांबं जिथे तुटलं होतं तिथे अंगठा ठेवला, आणि विचारलं, "हा मुनसोपदादांचा टिलर ना?" मी हो म्हटलं. नवी तार बसवून दिली आणि हात पुसत बसले.

आपल्याकडे एकाचं यंत्र दुसऱ्याने नेलं तर तो ते धुऊन, टाकी भरून परत करतो आणि काय बिघडलं ते तोंडाने सांगतो. सुगीत तुम्ही आमचा टिलर नेलात, तेव्हा पहिल्या दोन गोष्टी केल्यात. टिलर लखलखत होता. तुमचे दादा मला म्हणाले, "बघ, मुनबे सुधारला. चाकाच्या खाचासुद्धा धुतल्यात." खूश होते. दुसऱ्या दिवशी टिलरच्या ट्रॉलीत भाताची पोती भरून वरच्या शेतातून ते उतरले.

अंत्यसंस्काराच्या जेवणात तुम्ही लोकांना जाणकारासारखं समजावत होतात. उतारावर टिलर उलटा ऐकतो, उजवीकडे वळायचं तर डावा लिव्हर ओढावा लागतो, प्यालेल्या माणसाच्या हे ध्यानात राहत नाही, दादाने उजवा ओढला असणार. आणि म्हणालात की दुपारी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती.

ओढ्याजवळचं वळण उजवीकडे आहे. त्यांनी डावाच ओढला. तोच ओढायला हवा होता, भावजी.

आणि दुपारी मीच त्यांचं जेवण घेऊन गेले होते. माक्गोलीची, आपल्या तांदळाच्या दारूची, किटली भरलेली परत आणली. म्हणाले, पोती उतरवून झाली की घेईन. हे मी तेव्हाही सांगितलं, पण तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ, आणि दादांना दारू आवडायची हे सगळ्या गावाला ठाऊक. बायको नवऱ्याचं झाकतेच, असं म्हणाले लोक.

तार तुटली याचा मला राग नाही. तारा तुटतात. तुम्ही घाईत जोडलीत, सांगायची लाज वाटली, तेही मी गिळलं असतं कधीतरी. पण मेलेल्या माणसावर तुम्ही दारू ओतलीत. नववर्षाच्या पूजेत आईंनी त्यांच्या वाटीत पाणी घातलं. मी दारूचा बुधला पुढे केला तर माझा हात धरला. "जिने माझं पोर नेलं ती त्याला पाजायची नाही," म्हणाल्या. सगळे पूर्वज दारू पिऊन उठले आणि हे एकटे पाणी पिऊन. तुम्ही शेजारीच वाकून नमस्कार करत होतात. तुमची मान वर आली नाही तेव्हा मला वाटलं, दुःखाने.

हानशिकच्या सणाला थडग्यावरचं गवत काढायला आपण सगळे जमू. तुम्ही या. पोटदुखी नको, कामाचं निमित्त नको. आईंसमोर उभे राहून तोंडाने सांगा, काय बिघडलं होतं ते. मग तुमच्या हाताने त्यांना दारू ओता. माझ्याकडे क्षमा मागू नका, ती माझ्याजवळ नाही. गावाला काय सांगायचं ते आई ठरवतील.

तुम्ही आला नाहीत तर मी सांगेन. पण माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांचे दोन्ही मुलगे जातील. तुमच्या तोंडून ऐकलं तर कदाचित एक राहील. एवढ्यासाठीच हे पत्र, नाहीतर मी शाई वाया घालवली नसती.

टिलर काल सुरू झाला. हँडल फिरवून दंड भरून आले, पण झाला. उद्या खालच्या शेतात नांगरट धरते. उतारावर कसा चालतो तेही शिकेन.

आई आत्ता दारात येऊन विचारून गेल्या, कुणाला लिहितेस. भावजींना, म्हटलं. म्हणाल्या, "त्याला लिही, सणाला ये म्हणावं. हल्ली फार वाळलाय तो, वेळेवर जेवत जा म्हणावं."

त्यांचा निरोप त्यांच्या शब्दांत लिहिला आहे. माझा वर आहे.

मुनसोपची बायको,
बोंगसुन