गॅस नव्हे, नाक गेलं होतं

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर ठणकते आहे, तरी वाकलो). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? मी बरा आहे. म्हणजे जिवंत आहे, आणि त्याचीच लाज वाटते आहे.

कारखान्यात मला सगळे ‘गॅसमास्तर’ म्हणतात, हे तुला ठाऊकच आहे. अकरा वर्षं दर सोमवारी मी कामगारांकडून एकच धडा घोकून घेतो: सांडपाण्याच्या टाकीपाशी सडक्या अंड्यांचा वास आला तर पळा, आणि तो वास एकाएकी गेला तर दुप्पट पळा, कारण तेव्हा गॅस गेलेला नसतो, आपलं नाक बधिर झालेलं असतं. (हे सांगताना मी स्वतःचं नाक चिमटीत धरतो. सगळे हसतात.)

तर गेल्या आठवड्यात मी त्याच टाकीत झडप बघायला उतरलो. मुखवटा वरच ठेवला, म्हटलं पाच मिनिटांचं तर काम. वास आला. जरा वेळाने गेला. आणि ताई, तुझा हा शहाणा भाऊ वर तोंड करून ओरडला, ‘गेला बरं का वास!’ आणि आणखी दोन पायऱ्या खाली उतरला. पुढचं मला काही आठवत नाही. वर आमचा फिटर होता, सोमवारी मागच्या बाकावर पेंगणारा. त्याने आधी हाका मारून माणसं जमवली, हवेचा मुखवटा चढवला, कमरेला दोर बांधून टोक दोघांच्या हाती दिलं, आणि मगच खाली येऊन मला वर काढलं. (म्हणजे पेंगत नव्हता तर!) माझी पँट शिडीला अडकून तिथेच राहिली. अख्ख्या पाळीने पाहिलं. एवढं होऊन शुद्धीवर आल्याबरोबर मी त्यालाच झापलं, हेल्मेट कुठाय म्हणून.

पण खरी लाज वेगळीच आहे. अपघाताचा अहवाल मीच लिहितो. त्यात मी लिहिलं की फिटर परवान्याशिवाय टाकीत उतरला. अगदीच खोटं नाही गं! परवान्यावर सही माझी लागते, आणि मी तर आत आडवा पडलो होतो. साहेबांनी त्याला घरी बसवलंय, वीस तारखेला चौकशी आहे. काल तो घरी येऊन माझी तब्येत विचारून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझा,
हाताने नाक कापून घेतलेला भाऊ

ता. क. छातीवरचं गॅस मोजायचं यंत्र वाजलंच नाही, असंही मी लिहिलंय. चांगलं कोकलत होतं. कटकट नको म्हणून मीच बंद केलं.

आणखी एक ता. क. पाकिटात दुसरा कागद आहे, खरा अहवाल, माझ्या सहीनिशी. तो वीसच्या आत साहेबांना पोचेल असा पाठव. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलोय. हे पत्र पोचलं की मी फोन करीन, पाठवू नकोस म्हणेन, दाजींची शपथ घालीन, रडेनसुद्धा. ऐकू नकोस.