एकाच पाण्यावरच्या टाक्या

नखोन पाथोम,
शनिवार, १९ ऑगस्ट, बुद्ध संवत २५६६

प्रिय थोंगदादा,

कसा आहेस? सोंगख्लाच्या त्या मासळीच्या कारखान्यात दिवसभर बर्फात उभं राहावं लागतं, असं तुझ्या मित्रानं, विरोटनं सांगितलं. त्याच्याकडूनच तुझा पत्ता मिळाला. पाय सुजतात का? जेवणाचं काय करतोस? तिकडचं कालवण फार तिखट असतं म्हणतात. तुला तिखट सोसत नाही, हे तू कुणाला सांगणार नाहीस, मला माहीत आहे.

आई बरी आहे. पेरूची बाग यंदा चांगली धरली. ऑर्किडच्या मळ्यात तुझ्या जागी दोन माणसं घेतली आहेत, आणि मालकीणबाई अजून म्हणतात की थोंगसारखी फवारणी कुणाला जमत नाही. कालव्यावरचा लाकडी पूल मोडला होता, तो पुन्हा बांधला.

आता यापुढे लिहायचं ते सरळच लिहिते, नाहीतर कागद संपेल आणि मी पेरूवरच राहीन. बाबा गेले. पंचवीस मे रोजी, पहाटे, सरकारी दवाखान्यात. चार मे रोजी त्यांची उजवी बाजू गेली, त्यानंतर तीन आठवडे होते. तुझा जुना नंबर बंद होता हे खरं आहे. पण पत्ता माझ्याकडे जूनपासून आहे, हेही खरं आहे.

अजून अग्नी दिलेला नाही. आईनं हट्ट धरला की शंभर दिवस शवपेटी विहारात ठेवायची. शंभरावा दिवस शुक्रवारी येतो, आणि शुक्रवारी कुणी अग्नी देत नाही, म्हणून शनिवार, दोन सप्टेंबर ठरला आहे. त्या दिवशी मुलानं मुंडन करून, चीवर घालून बापाच्या चितेसमोर बसायचं असतं. एका दिवसाचा का होईना, श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू व्हायचं असतं. मुलीला ते करता येत नाही. मी भन्तेंना विचारलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तुझा भाऊ कुठे आहे?"

बुनलुएकाकांनी तुझ्या जागी त्यांचा मुलगा द्यायचं ठरवलं होतं. "ज्यानं बापाचे मासे विषानं मारले, तो बापाला पुण्य काय देणार?" असं ते चौघांत म्हणाले. मी तिथे केळीची पानं पुसत होते आणि पुसत राहिले.

दादा, मासे तू मारले नाहीस.

हे मला मार्चपासून माहीत आहे. कसं माहीत आहे ते सांगते. मध्येच पत्र फाडावंसं वाटलं तर आधी शेवटचे दोन परिच्छेद वाच आणि मग फाड.

मी मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन घरी आले तेव्हा बाबांच्या शेडमध्ये दोन हजारांवर दारूच्या चपट्या बाटल्या होत्या. एकेका बाटलीत एक लढाऊ मासा, मधे पुठ्ठ्याचा तुकडा, म्हणजे शेजारचा दिसू नये. रोज सकाळी बाबा तो पुठ्ठा चार-पाच मिनिटं काढायचे. मासे एकमेकांवर फुलायचे, कल्ले पसरायचे, आणि बाबा म्हणायचे, "झाली यांची कवायत." लहानपणी मला ते आवडायचं. कॉलेजात शिकल्यावर मला फक्त एवढंच दिसायला लागलं की त्या माशाला धड वळता येत नाही. शेपटी काचेला घासून फाटते. त्याच पाण्यात खातो, त्यातच घाण करतो.

मी घरात केवढं भाषण दिलं होतं, आठवतं? प्रत्येक माशाला निदान वीस लिटर पाणी, लपायला झाड, हळू चालणारा स्पंजचा फिल्टर, थंडीत पाणी गरम ठेवणारी कांडी, वर हवेसाठी चार बोटं मोकळी जागा. बाबा म्हणाले, "बाईसाहेब, पंखा नको का? आणि रात्री अंगाई कोण म्हणणार?" तू म्हणालास, "बाबा, माझ्या खोलीपेक्षा माशाची खोली मोठी झाली. मला द्या एक टाकी." आई हसता हसता खाली बसली होती.

पण बाबांनी ऐकलं. घरात पहिल्यांदा कुणी पदवी घेतली होती, तिचं न ऐकून कसं चालेल? बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. सामान्य मासे विकून टाकले. आपले तांबूस काठाचे काळे, एकोणीस वर्षं जपलेला वंश, त्यातले निवडक एकशेचाळीस तेवढे ठेवले आणि तितक्या टाक्या लावल्या. नळ्या तू जोडल्यास. सुट्टीचे सगळे दिवस तू शेडमध्ये उकिडवा बसून असायचास.

प्रत्येक टाकीला वेगळा फिल्टर घ्यायचा, असं मी शिकले होते. तेवढे आणणं होईना, म्हणून मी एक मोठा पंप आणि एक मोठी गाळणी लावली. सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच गाळणीतून फिरणार. बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं, "पोरी, म्हणजे याचं उष्टं तो पिणार?" मी म्हणाले, "बाबा, पाणी गाळून येतं." ते म्हणाले, "बरं." बाटलीत आजार आला तर एक बाटली जाते, हे त्यांना न शिकता माहीत होतं. मला शिकून सुचलं नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी बँकॉकला गेले होते. बाजारात एका टोपलीत प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, तळहाताएवढ्या, विहाराबाहेर पुण्य म्हणून मासे पाण्यात सोडायला लोक घेतात तशा. एका पिशवीत एक निळा नर होता, पंख मिटलेले, तळाशी आडवा. मला राहवलं नाही, मी तो आणला. नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो, हे मी परीक्षेत लिहिलं आहे. पण त्याला चांगली जागा आत्ताच मिळावी असं मला वाटलं. टाकी क्रमांक एकशेअठरामधला म्हातारा मासा गेल्यामुळे ती रिकामी होती. त्यात सोडला.

बुधवारी सकाळी मी त्याच्यावर बॅटरी मारली. अंगावर सोन्याची बारीक धूळ दिसली. तो आजार मला ओळखता येतो, दादा. पाण्यातून पसरतो. त्याच क्षणी पंप बंद करायचा, टाक्या तोडायच्या, प्रत्येकात औषध घालायचं.

शुक्रवारी माझे प्राध्यापक वीस विद्यार्थी घेऊन शेड बघायला येणार होते.

मी निळ्या माशाला गुपचूप काढून पुरलं आणि पंप चालू ठेवला. नळ्या सुटलेल्या, टाक्यांत पिवळं औषध, असं त्यांना दाखवायला मला लाज वाटली. प्राध्यापक म्हणाले, "ही मुलगी तुमच्या गावाचा चेहरा बदलेल." बाबा मागे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी शनिवारी दुपारी पंप बंद केला. रविवारी पहिले नऊ मेले.

त्याआधी गुरुवारी तू फवारणी करून मळ्यातून तसाच आला होतास आणि गळणारी नळी घट्ट करायला तू कोपरापर्यंत हात पाण्यात घातलास, हे बाबांनी पाहिलं होतं. मासे तरंगायला लागल्यावर त्यांना तुझ्या शर्टाचा वास आठवला. त्यांनी तुला आधी काही विचारलं नाही. त्यांनी मला विचारलं. तू समोरच होतास. "तू शिकलेली आहेस. सांग, फवारणीच्या औषधानं असं होतं का?"

मी म्हणाले, "होऊ शकतं."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं, तू वाट बघत होतास की मी पुढे काहीतरी बोलेन. नववीनंतर तू शाळा सोडलीस आणि पाठीवर तो फवारणीचा डबा घेतलास, म्हणून माझी शाळा चालू राहिली. आणि त्याच डब्याचं नाव मी पुढे होऊ दिलं. बाबा म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोरून जा," आणि तू गेलास. ते एका दिवसाच्या रागानं बोलले होते. दोन दिवसांनी खरं सांगितलं असतं तरी तू परत आला असतास. पण पुढच्या गुरुवारपर्यंत सगळेच्या सगळे गेले, आणि मग माझं तोंड उघडेना.

दवाखान्यात मी त्यांना भाताची पेज भरवत होते. अर्ध्या ओठानं बोलायचे, कान जवळ न्यावा लागायचा. एकदा म्हणाले, "हात धुऊन पाण्यात घालावेत, हे मी थोंगला शिकवलंच नाही. माझीच चूक." मी चमचा पुसला आणि पुढचा घास दिला. त्यानंतर ते सात दिवस जगले, आणि त्या सातही दिवसांत मी रोज तिथे होते.

मोठ्या टाकीबद्दल मी चुकले नव्हते. हे लिहायलाही लाज वाटते, पण ते खोटं म्हणून लिहिलं तर पुन्हा एक खोटं होईल. जागा त्यांना हवीच होती. मी ती माझ्या कौतुकासाठी दिली, माशांसाठी दिली असं म्हणत.

परवा आईला सांगितलं. ती चितेवर वाहायची, लाकडाच्या पातळ ढलप्यांची फुलं बांधत बसली होती. तिनं हातातलं फूल पुरं केलं, मग म्हणाली, "काकांना तू सांग. मी तुझं तोंड होणार नाही." काल विहारात सगळे जेवत असताना मी उभी राहून सांगितलं. काकी रडल्या. काका खूप वेळ भातात बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्याशी तो बोलेल का? तूच लिही. आणि लिही की काकांनीही बोलायला नको होतं."

काकांचा मुलगा आता चीवर घालणार नाही. तू आलास तर तू, नाहीतर ती जागा रिकामी राहील, असं आईनं भन्तेंना कळवलं आहे. अग्नी सकाळी अकरा वाजता आहे, मुंडन नऊच्या आत व्हायला हवं. सोंगख्लाहून येणारी बस पहाटे पाचला पोचते. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं विरोटला सांग, मी स्वयंपाकघरात राहीन, बाहेर येणार नाही. चीवर आणून ठेवलं आहे.

मी वाट बघते असं लिहायचा हक्क मला नाही. आई बघते आहे.

तान