पुष्करसरांचे अकरा किलो

३ नोव्हेंबर, सोमवार
वजन ९१. बीपी दीडशे-शंभर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांत अकरा किलो, हे सततच्या स्ट्रेसचं वजन आहे. कामाचा ताण कमी करा, महिन्याभरात फरक पडला नाही तर गोळी. ऐकून इतकं बरं वाटलं. म्हणजे हे अकरा किलो माझे नाहीतच, पुष्करसरांचे आहेत. गौतम आणि नूपुर नोकरी सोडून गेले, तेव्हापासून दोघांचं काम सरांनी माझ्याच गळ्यात घातलंय. उद्या केबिनमध्ये जाऊन स्पष्ट सांगणार, यापुढे एकाचंच काम करीन.

४ नोव्हेंबर
सर कॉलवर. काचेतून दोनदा डोकावलो. दुसऱ्यांदा त्यांनी हात केला, मीही केला. संबंध चांगले आहेत, उगाच घाई नको. तोवर डाएट.

५ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून काळाचौकी ते लोअर परळ चालत.

त्याच दिवशी, ९.४०
लालबागलाच टॅक्सी केली. सरांचा मेसेज आला, कुठे आहेस. ताणात चाललं तर वजन उलट वाढतं, असं कुठेतरी वाचलंय. निदान वाचल्यासारखं वाटतंय.

१० नोव्हेंबर
स्ट्रेस मोजणारं घड्याळ घेतलं. दिवसभर बघत होतो. हाय. परत बघितलं, हाय. बघितल्यामुळेच येतंय. लेकीला देऊन टाकलं.

१४ नोव्हेंबर
९१.८. खिशात मोबाइल होता.
रात्री भाकरी नको म्हटलं, तर नाना तापले. नाना म्हणजे माझे वडील, मिलमध्ये रिंग खात्यात होते, सूत काढायच्या मशीनवर. म्हणाले, "आमच्यात माणशी मशीनच्या दोन साइडी. सायबानं तिसरी लावली, तर साठ जण हाताची घडी घालून उभे राहिलो. तू तीन माणसांचं ओढतोस आणि वर जेवण सोडतोस?" नानांना कॉर्पोरेट कल्चर कळत नाही. आमच्या ऑफिसात भिंतीवरच लिहिलंय, आपण सगळे एक फॅमिली.
नंतर भाकरी खाल्ली. नानांचं मन मोडवेना. दोन.

२० नोव्हेंबर
बाथरूममध्ये आरशासमोर प्रॅक्टिस करून केबिनमध्ये गेलो. सर म्हणाले, बोल. मी म्हणालो, एसी जरा जास्त होतोय. त्यांनी लगेच कमी करायला सांगितला. म्हणजे माणूस ऐकतो. अर्धी लढाई जिंकली. खाली येऊन भेळ. भेळ हलकी असते.

२८ नोव्हेंबर
९३. काटा जुना झालाय.
पँट सैल करून आण म्हटलं, तर प्रितीनं ती हातातून काढून घेतली. म्हणाली, "मला बारीक नवरा नको, प्रफुल्ल, जिवंत हवाय. सोमवारी तू बोलला नाहीस तर मी येते तुझ्या ऑफिसात." बायको बोलते ते करते. पण तिचा आवाज कापत होता. आज मला खरंच भीती वाटली.

१ डिसेंबर, सोमवार
बोललो.
म्हणालो, "सर, कामाच्या ताणानं माझं वजन वाढलंय." पुढचं वाक्यही तयार होतं. पण सर उठून आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असाच मनापासून बोलणारा माणूस हवा होता मला." कंपनीत वेलनेस ड्राइव्ह सुरू होतोय. मी वेलनेस चॅम्पियन. एकशेचाळीस जणांची वजनं घ्यायची, एक्सेलमध्ये भरायची, रोज संध्याकाळी रिपोर्ट. बाकीची कामं आहेतच. मी थँक यू म्हणालो. का म्हणालो, ते मलाही कळत नाही.
येताना दवाखान्यात गेलो. गोळी सुरू.
घरी प्रितीनं दारातच विचारलं, बोललास? म्हटलं, हो. काय म्हणाले? म्हटलं, एकदम खूश झाले. यात खोटं काहीच नाही. ती डोळे पुसत आत गेली आणि शिरा करायला घेतला. नाना कॉटवरून उठले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मी पण मिळवला.
उद्या साडेसातला ऑफिसात वजनकाटे उतरवून घ्यायला जायचंय. घरी अजून सांगितलेलं नाही.