राजोडीची विश्रांती

राजोडी, शुक्रवार, ६ जून १९५२

काल चुकीचं लिहिलं. मला डहाणूला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पोचवायला जाताना दादा इथे उतरला, तो मला विश्रांती मिळावी म्हणून नव्हे. आज आम्ही उतरलोय त्या वाडीच्या मालकीणबाई हसत म्हणाल्या, "बाय, पाहुन्यांनी पसंत केली गो तुला!"

म्हणजे काल मला वर्तमानपत्र वाचायला लावणारे ते म्हातारे पाहुणे? आणि ओल्या वाळूवर फिरायला नेणारी त्यांची बायको? मी लंगडत नाही ना, एवढंच बघत होती! आणि मी ऐटीत वाचलं, भरभर चालले.

दादाला विचारलं.

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

घरात पहिली शिकलेली मी. शाळेत त्यानेच घातलं ना? वाळूवर ती बाई मला चालवत होती, तेव्हा तो मागे उभा राहून बघत होता.

वर्ग सोमवारी सुरू होतो. रविवारी सकाळच्या गाडीने मी एकटी जाणार.